अळणी पंगत

"रावजी आला का गं?"

"नाही आला, आई."

सकाळी डोळे उघडले की विचारायची, दुपारी विचारायची, दिवेलागणीला विचारायची. दर वेळी माझं उत्तर तेच. दुसरं काही सांगायची सोयच नव्हती. आईच्या उशाशी अंजनाक्का बसलेली असायची, मांडीवर मिठाची वाटी घेऊन, आणि तिची नजर माझ्या तोंडावर.

आमच्या खोऱ्यात माणूस मरणाला टेकलं की मीठवालीनं त्याच्या उशाशी बसायचं, अशी रीत. जाणाऱ्याच्या कानावर शेवटचं जे पडेल ते खरंच पडावं म्हणून. अंजनाक्का आमची मीठवाली. बाई सरळ, हाताची मऊ, पण रीत म्हणजे रीत. मी आईला पेज भरवताना तोंड उघडलं तरी ती कान टवकारायची.

खोऱ्याच्या तीन बाजूंना कडे आणि चौथ्या बाजूला नदी. नदीवर एकच साकव आणि साकवावर पहारा. मूळ माणसं म्हणे कुणाच्या तरी खोट्या साक्षीपायी देशोधडीला लागून इथं आली, आणि त्यांनी ठरवलं की या मातीत खोटं रुजू द्यायचं नाही. स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र, पण बिनमिठाचा. मीठ पंगतीत मिळायचं. मीठवाली तळहातावर चिमूटभर ठेवणार, तुम्ही ते मुठीत धरून म्हणायचं की आज माझ्या तोंडून खोटं गेलं नाही, आणि मग ते आमटीत टाकायचं. जो खोटं बोलला त्याचं पान वेगळ्या ओळीत, भिंतीकडेला. ती अळणी पंगत. पहिल्यांदा सापडला तर काही महिने, दुसऱ्यांदा सापडला तर जन्मभर. मीठ साकवापलीकडून यायचं आणि कोठीची किल्ली खोऱ्याचा कारभार बघणाऱ्या थोरल्यांच्या कमरेला असायची, त्यामुळे घरात लपवून ठेवीन म्हणाल तर तेही नाही.

बरं, खोटं म्हणजे नुसतं खोटंच नव्हे. जे ठाऊक नाही ते बोलणं हेही खोटंच. 'उद्या पाऊस येईल' म्हणालात की गेलात. 'ढग आलेत' म्हणायचं आणि गप बसायचं. तापानं फणफणलेल्या लेकराला 'बरं वाटेल हं राजा' म्हणाली म्हणून एका आईला भिंतीकडेला बसवलेलं मी लहानपणी पाहिलंय. लेकरू बरं झालं, पण ती बसलीच.

रावजी माझा भाऊ. तो आणि अंजनाक्काचा गेनू, दोघं मीठ आणायला म्हणून थोरल्यांनी साकवापलीकडे धाडलेले. त्यावर दोन पावसाळे झाले. थोरल्यांना विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "ठाऊक नाही." आणि ते खरंच असणार, कारण थोरले खोटं बोलत नसत. पण त्या दोन शब्दांवर दोन आयांनी किती दिवस काढायचे?

आईच्या अंगात काही उरलं नव्हतं. चमचाभर पेज गेली तर गेली. सगळं सरलं होतं, फक्त जीव रावजीत अडकला होता. एका सकाळी तिनं रोजचंच विचारलं, मी रोजचंच सांगितलं, तर ती म्हणाली, "आला असेल तर आला म्हण. मेला असेल तर मेला म्हण. पण हे 'नाही आला' मला आता सोसत नाही."

मेला म्हणायलाही मला ठाऊक कुठं होतं? मी अंजनाक्काकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिचंही तेच दुखणं होतं, ती कुठल्या तोंडानं मला काही सांगणार?

मी तिथून उठले ती तडक शिदूतात्यांच्या गोठ्याकडे गेले.

शिदूतात्या जन्मभराचे अळणी. शेळ्या राखायचे आणि शेळ्यांतच राहायचे, कारण गोठ्यामागं एक खारट दरड होती. शेळ्या ती चाटायच्या, आणि कुणी बघत नसलं की तात्याही चाटायचे. म्हणून तर एवढी वर्षं तग धरून होते. त्यांना शिक्षा कशापायी झाली हे मला आजतागायत कळलेलं नाही. कधी म्हणायचे थोरल्यांच्या म्हशीला देखणी म्हटलं म्हणून, कधी म्हणायचे बायकोला देखणी म्हटलं म्हणून. आता तिथं मी राहते. दरड पुष्कळ झिजलीय. लोक येतात अधूनमधून, दुपारचे, आजूबाजूला पाहून, घरी कुणाला काय सांगायचं ते विचारायला. ते असू दे.

तात्या दाव्याला पीळ देत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "तात्या, मला खोटं बोलायला शिकवा."

ते असे हसले की शेळ्या बिचकल्या. मग म्हणाले, "कुणाला सांगायचंय?"

"आईला."

हसू गेलं त्यांचं. त्यांनी दावं खाली ठेवलं. काय सांगायचंय ते त्यांनी विचारलं नाही, अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. समोरच्या शेळीकडे बोट करून म्हणाले, "ही काय आहे?"

"शेळी."

"म्हैस म्हण."

तुम्हाला हसू येईल, पण मला ते म्हणता येईना. एवढी मी तिखट जिभेची, चार बायांत मी कुणाला हार गेले नव्हते, आणि एका शेळीपुढं माझी दातखीळ बसली. शेवटी कसंबसं म्हटलं, तर तात्या म्हणाले, "असं म्हटलंस तर शेळीसुद्धा रडायला लागेल. तुझ्या आईचं काय घेऊन बसलीस?"

पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा पुन्हा. दगडाला भाकरी म्हण, उन्हाला चांदणं म्हण. उन्हं कलली तेव्हा कुठं माझी जीभ जराशी सैल झाली.

"आता ऐक," तात्या म्हणाले. "खोटं मोठं केलंस की ते आपल्याच वजनानं पडतं. थोडं सांगायचं. आणि त्यात एक बारीकशी गोष्ट घालायची, कुणी न विचारलेली. ती आधी तुझ्या डोळ्यांपुढं आली पाहिजे. तुला दिसली तर तिला दिसेल."

मी उठले. ते मागून म्हणाले, "हौसे, एकाच कानात घाल. आपल्या माणसांना खोट्याची सवय नाही. जन्मात गोवर न आलेल्याला उतारवयात आला तर तो साधा राहत नाही."

मी 'हो' म्हटलं. कळलं मात्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंजनाक्का पाय धुवायला परसात गेली. तेवढीच संधी. मी आईच्या कानाशी वाकले. डोळे मिटून मी रावजीला आणला, वाटेवर उभा केला, आणि मग बोलले.

"आई, रावजी आला."

तिचे डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांत माणूस दिसलं.

"साकवाच्या अलीकडं आलाय. टाचेत काटा मोडलाय त्याच्या, म्हणून सावकाश येतोय. काट्याला शिव्या देत येतोय."

आई हसली. खरंच हसली. "कधी खाली बघून चालला नाही मेला," म्हणाली.

आणि दारातून आवाज आला, "आणि गेनू?"

अंजनाक्का उंबऱ्यात उभी होती. हातातला तांब्या कलला होता, पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं आणि तिला पत्ता नव्हता. मला वाटलं, ओरडेल, थोरल्यांना हाक मारील. पण तिच्या तोंडावर रागाचा मागमूस नव्हता. आयुष्यात कुणी तिच्याशी खोटं बोललेलंच नव्हतं. मी आला म्हटलं, म्हणजे आला. तिच्यापुरतं ते संपलं होतं. तिला फक्त पुढचं हवं होतं.

मी खरं सांगितलं असतं. पण आईही माझ्याकडे बघत होती. ते हसू अजून तिच्या ओठांवर होतं, आणि मी एक शब्द मागं घेतला असता तर तेही गेलं असतं.

"गेनू मागं आहे, अक्का," मी म्हटलं. "त्याच्या पाठीवर ओझं आहे."

तिनं तांब्या खाली ठेवला. कोनाड्यातल्या वाटीतलं मीठ मुठीत घेतलं आणि ती निघाली. मरणाऱ्या माणसाच्या उशापासून मीठवाली उठून गेल्याचं खोऱ्यात कुणी ऐकलं नव्हतं. मी हाक मारणार तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. "त्याला गरम भाकरी टाक," म्हणाली. तिचा हात बराच वेळ तसाच होता आणि मग नुसता हात उरला. रडायलाही मला सवड झाली नाही. तिचे डोळे मिटले, गोधडी सारखी केली आणि साकवाकडे धावत सुटले.

तिथं अख्खं खोरं लोटलं होतं. अंजनाक्का वाटेनं ओरडत गेली होती, पोरं आलीत, पोरं आलीत. पहाऱ्यावरच्या गड्यांनी अडवलं तेव्हा तिनं मूठ उघडून मीठ दाखवलं आणि हातात मीठ धरून तेच सांगितलं. मीठवालीच्या मिठातल्या शब्दावर कोण शंका घेणार? त्यांनी आडवा बांबू काढला होता. कुणी घोंगडी आणली होती, कुणी भाकरी, एकीनं ओवाळायला पाणी आणलं होतं. अंजनाक्का साकवाच्या मधोमध उभी होती आणि पलीकडच्या वाटेकडे बघून हाका मारत होती. पलीकडे कारवीची झाडी होती आणि तिच्यात शिरणारी रिकामी वाट.

लोक बराच वेळ थांबले. ओझं आहे, वेळ लागणारच, असं कुणी म्हणालं नाही. ठाऊक नसलेलं बोलायची बंदी होती ना. नुसते उभे राहिले. ऊन उतरलं तशी एकेक नजर वाटेवरून निघून अंजनाक्काकडे वळली.

थोरले आले. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, तेव्हाही नाही. तिला साकवावरून अलीकडे बोलावलं आणि विचारलं, "अंजना, तू पाहिलंस त्यांना?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं असणार. आईचंही. मरणघरातून आलेलं तोंड तिनं उभा जन्म पाहिलं होतं. मी पुढं झाले होते. मला लपायचं नव्हतं, खरं सांगते. पण ती माझ्याआधी बोलली.

"कुणी नाही."

"मीठ हातात घेऊन सांग."

"मीठ हातातच आहे," ती म्हणाली. घामानं ते पार विरघळलं होतं, तरी तिनं मूठ पुढं केली. "कुणी सांगितलं नाही. माझ्याच मनातून निघालं."

मला एका शेळीला म्हैस म्हणायला दुपार लागली होती. या बाईला काहीच लागलं नाही.

"मी सांगितलं," मी ओरडले. "आईला सांगत होते, हिनं ऐकलं. हिचा काही दोष नाही."

"पोरीची आई आत्ता गेलीय," अंजनाक्का म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "डोकं ठिकाणावर नाही तिचं. खोटं बोलतेय ती."

थोरल्यांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांच्या हयातीत एका खोट्यासाठी दोन बायका भांडल्या नव्हत्या. शेवटी म्हणाले, "दोघींतली एक खोटं बोलतेय. कोण ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही ते मी बोलणार नाही. दोघीही अळणी." मला पुढची पिकं घरात येईपर्यंत. तिला जन्मभर, कारण मीठ तिच्या मुठीत होतं. तिची वाटी थोरल्यांच्या सुनेकडं, पारूकडं गेली. पारू म्हणजे नियमाची अशी की चुकून 'उद्या' म्हणालेल्या स्वतःच्या लेकराचं पान तिनं भिंतीकडेला मांडलं होतं.

अळणी खाणं पहिले काही दिवस नुसतं बेचव लागतं. मग पोटऱ्यांत गोळे यायला लागतात. मग वाकून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. तात्यांनी मला दरडीची खारट माती पदरात बांधून दिली. मी ती घेतली, उगाच कशाला खोटं सांगू. अंजनाक्कापुढं धरली तर तिनं हात मागं घेतला.

"उभा जन्म मी मीठ वाटलं," म्हणाली. "चोरून कसं खाऊ?"

मला तिचा संताप आला. आईचं सगळं उरकलं होतं, आम्ही भिंतीकडेला शेजारी शेजारी जेवत होतो. मी म्हटलं, "एवढी खऱ्याची आहेस तर साकवावर का बोललीस? मी मागितलं होतं तुझ्याकडे?"

ती सावकाश घास चावत होती. गिळून झाल्यावर बोलली.

"तुझ्या दारातून साकवापर्यंतची वाट आहे ना, तेवढी वाट माझा गेनू होता गं. मी त्याला हाका मारत गेले. दोन पावसाळे मी 'ठाऊक नाही' ऐकत होते. तेवढी वाट मला ठाऊक होतं." पुढचा घास मोडत म्हणाली, "तुझ्यावर कसं ढकलू ते?"

मी पुढचा घास घेतला. त्यात मीठ नव्हतं, पण डोळ्यांतलं पुरेसं होतं.

मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "ओझं होतं म्हणालीस त्याच्या पाठीवर. कसलं होतं?"

मी इकडे तिकडे पाहिलं. पारू पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होती.

"घोंगडी होती," मी हळूच म्हटलं. "तुला आणलेली. काळी, लाल काठाची."

"लाल कशाला आणली? मला या वयात शोभते का ती?" अंजनाक्का म्हणाली, आणि गालातल्या गालात हसली.

त्यानंतर रोजच्या जेवणाला गेनू आमच्यात असायचा. आज त्यानं दाढी काढली. आज त्याला ठसका लागला. तात्या पलीकडून म्हणायचे, माझ्याकडं तंबाखू मागत होता, मी दिली नाही. कधी मी विसरायचे आणि घोंगडीचा काठ पिवळा व्हायचा, मग तात्या मला दटावायचे. तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण साकवावर वाट बघून तिचं सगळं बघून झालं होतं. आता तिला फक्त ऐकायचं होतं. आणि मी सांगत होते, कारण ते अळणी अन्न तिच्या घशाखाली तेवढ्याच वेळात उतरायचं.

तरी ती वाळत गेली. थंडी पडली तशी तिला उठवेना. मी पारूला म्हटलं, हिला चिमूटभर मीठ दे, मरेल ही. पारू म्हणाली, "मरेल की नाही ते तुला ठाऊक नाही." मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. दिली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

पिकं घरात आली. माझी मुदत संपली. त्या सकाळी पारूनं माझ्या तळहातावर मीठ ठेवलं. आमटीत टाकण्याआधी मी जिभेच्या शेंड्यानं जरासं चाखलं. एवढीशी ती चव, पण अंगातलं सगळं जागं झालं. ही पुन्हा कधी सोडायची नाही, असं मी मनाशी म्हटलं. ते मी मोठ्यानं म्हटलं असतं तर तेवढ्यावरही गेले असते.

त्याच दुपारी निरोप आला की अंजनाक्काचं भरलं.

तिचं खोपट एवढंसं. मी आत गेले तर उशाशी जागा नव्हती म्हणून पारू दारातच बसलेली, उंबरा अडवून, मांडीवर तीच वाटी. मी तिला ओलांडून आत शिरले आणि अक्काचा हात धरला. हाडं नुसती. तात्या बाहेर कुडाला टेकून उभे होते.

अक्कानं डोळे उघडले. मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. ओठ हलले.

"गेनू आला का गं?"

मागं पारूच्या बांगड्या वाजल्या. ती पुढं झुकली असणार. माझ्या जिभेवर सकाळचं मीठ अजून होतं. हे दुसऱ्यांदा, आणि दुसऱ्यांदा म्हणजे जन्मभर. हे मला ठाऊक होतं, पारूला ठाऊक होतं.

मी डोळे मिटून गेनूला आणला.

"आला, अक्का. अंगणात पाय धुतोय. चिखलाचे पाय घेऊन आत येऊ नको म्हटलं मी त्याला."

अक्काचे डोळे माझ्यावरून सरकले आणि दाराकडे लागले. दारात पारू होती.

पारूनं वळून अंगणाकडे पाहिलं. तिथं एक कोंबडी माती उकरत होती, बाकी काही नव्हतं. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग माझ्याकडे तिनं पाहिलं. मी हात पुढं केला, मीठ दे म्हणून, काय विचारायचं ते विचार म्हणून.

तिनं मीठ दिलं नाही. मांडीवरची वाटी उचलली, पदर आवरून घेतला आणि उंबऱ्यावरून उठून ती बाजूला सरली. कुणाला आत यायचं असलं की आपण सरतो, तशी.